लेकरांच्या ताटातला पाला

माझं लग्न झालं ते दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी. आमच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही वस्त्यांमधली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. लग्नात देव नव्हते, हळदीला देवीचं गाणं नव्हतं. पांढरं लुगडं नेसून मी मारेगावच्या पलीकडच्या त्या गावात आले, तेव्हा सासरच्या वस्तीत सगळ्यांच्या बोलण्यात एक ताठा होता. मला तो फार आवडला. माझ्या आईच्या पिढीनं कधी मान वर करून गावातून चालणं पाहिलं नव्हतं.

वस्तीनं ठरवून टाकलं होतं की मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही, कोणाच्या दारात भाकर मागायला उभं राहायचं नाही. तसं कोणी केलंही नाही. माझ्या नवऱ्यानं तर घरातली मांस वाळवायची दोरी तोडून चुलीत घातली होती. सासूबाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांना हसू यायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. एकदा हसता हसता त्या म्हणाल्या, "चांगलंच झालं, पोरी. पण त्या दोरीवर आमचा अख्खा पावसाया निघत होता."

तेव्हा मला त्या बोलण्याचं वजन कळलं नाही.

गावानंही आपल्या परीनं उत्तर दिलं. उघड भांडण झालं नाही. पाटलाच्या वाड्यातून सणावाराला आणि एरवीही लेकुरवाळ्या बायांना तांब्याभर ताक मिळायचं, ते बंद झालं. "तुम्ही आता मोठे झाले," एवढंच तिथल्या बाईनं ऐकवलं. निंदणाला, वेचणीला बोलावणं यायचं, कारण कापसाची पऱ्हाटी कोणासाठी थांबत नाही. मजुरीची ज्वारी मिळायची. तेव्हा भाकर होती. भाकरीसोबत मिरची होती, मीठ होतं, कधी जवसाची चटणी, कधी तुरीचं पातळ वरण. लहान लेकरांना ज्वारीच्या कण्या शिजवून द्यायच्या, नाहीतर भाकर पाण्यात कुस्करून. पोट भरायचं. पोट भरलं म्हणजे खाणं झालं, असंच आम्ही समजत होतो.

माझी पहिली मुलगी तिथंच झाली. डोळे मोठे, पापण्या लांब. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "हे आपल्या घरातली नाही, कुठून तरी उतरली." ती अंगावर पीत होती तोवर चांगली गुटगुटीत होती. मग मला दिवस गेले, दूध आटलं, आणि ते दुसरं मूल पोटातच गेलं. पोरगी कण्यांवर आली.

ती धावायला, बोलायला लागली तेव्हाची गोष्ट. हिवाळा संपत आला होता. मी वावरातून आले, चूल पेटवली आणि तिला जेवायला हाक मारली. ती अंगणातून आली, दारात थांबली आणि हातानं चौकट चाचपायला लागली. तिच्यापुढं मी ताट ठेवलं. ती ताटाच्या बाजूला, जमिनीवर हात फिरवत राहिली.

"अवं, समोर तं हाय ताट."

"कुठं, आई?"

मला वाटलं खेळते आहे. मी तिचा हात धरून ताटात ठेवला. आत्याबाई चुलीजवळून उठल्या. त्यांनी दिवा तिच्या तोंडापुढं धरला, बाजूला नेला, परत आणला. पोरगी दिव्याकडं बघत नव्हती. आवाज येईल तिकडं मान वळवत होती.

"रातांधी झाली," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या वस्तीत होते असं. सकाळी उठून पाह्य, काही नसते."

खरंच सकाळी काही नव्हतं. ती उन्हात कोंबडीच्या पिलांमागं पळत होती. मी जाऊबाईंना विचारलं. आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर होतं. त्या म्हणाल्या, त्यांच्या मुलालाही सांजेनंतर दिसत नाही, दोन घरं सोडून पलीकडच्या दोन बहिणींनाही नाही. कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं. दिवे लागायच्या आत अशा लेकरांना घरात बसवायचं, म्हणजे झालं.

फाल्गुनात गोवर आला. आधी गावात, मग आमच्याकडं. माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ फुटला, ताप चढला, डोळे चिकटले. आत्याबाईंच्या सगळ्या आयुष्यात गोवर म्हणजे देवीचं येणं होतं. नारळ, दहीभात, कडुलिंबाचा डहाळा हे सगळं ओघानं आलं असतं. त्यांनी लिंबाचा डहाळा आणला, पोरीच्या अंगावरून फिरवला आणि तिथंच थांबल्या. नवरा समोर बसला होता. आत्याबाईंनी डहाळा उशाशी ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिल्या. ते हात जुळायला निघाले होते आणि आत्याबाईंनीच ते धरून ठेवले होते. त्या दिवसांत त्यांनी काय सोसलं, ते मी तेव्हा पाहिलं नाही. माझं लक्ष पोरीत होतं.

ताप उतरला. डोळे कोमट पाण्यानं धुऊन मी उघडले तर बुबुळावर साय धरावी तसं पांढरं आलं होतं. ती उजेडात डोळे मिटून घ्यायची, रडायची, पण पाणी यायचं नाही. नवऱ्यानं कोणाची तरी बैलबंडी मागून आणली आणि आम्ही वणीच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी तिला जवळ घेतलं, पापणी उचलून बराच वेळ पाहिलं. मग मला बसायला सांगितलं. तेव्हाच मला समजलं.

"बाई, एक डोळा गेला आहे. दुसरा वाचतो का बघू. पण आशा कमी आहे." त्यांनी औषध दिलं. मग विचारलं, "ही काय खाते?"

"भाकर," मी म्हटलं.

"भाकरीसोबत?"

मी म्हटलं, "तिखट."

"हिरवी भाजी? दूध? अंडं? पपई?"

मी मान हलवली. अंडी आम्ही बाजाराला नेत होतो. पालेभाजी मोठी माणसं पावसाळ्यात खायची. लेकरांना पाला दिला की पोट जातं, जुलाब लागतात, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची, आणि मीही त्यात कधी शंका काढली नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "कोणताही हिरवा पाला. शेवगा, चवळी, अंबाडी, काहीही. नीट शिजवायचा, थोडं तेल घालायचं आणि रोज घासभर तरी द्यायचा. त्यानं हे होत नाही. तुमच्या वस्तीत अजून अशी मुलं असतील, सांजेला न दिसणारी. त्यांचे डोळे अजून हातात आहेत. सांगा घरोघरी."

दुसरा डोळाही गेला. चैत्र संपता संपता माझी मुलगी पूर्ण आंधळी झाली होती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरांचे शब्द माझ्याजवळ होते, पण तोंड उघडायची ताकद नव्हती. आषाढात निंदण सुरू झालं तशी मी पोरीला आत्याबाईंजवळ ठेवून वावरात जायला लागले. त्या वावरात तांड्यावरच्या बंजारा बायाही यायच्या. त्यातल्या एका म्हातारीला आम्ही सगळ्या याडी म्हणायचो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी पुढच्या ओळीत होते, ती माझ्या शेजारी. मी तण उपटून मागं टाकत होते, आणि ती माझ्या मागं टाकलेल्यातले कोवळे शेंडे खुडून ओच्यात भरत होती.

"काय करता याडी?"

"तरोटा हाय न बाई. संध्याकाळची भाजी. नातवाइले लई आवडते."

"लेकराइले देता?"

"त्याइलेच तं पाह्यजे," ती म्हणाली.

मी मागं वळून पाहिलं. सकाळपासून मी उपटून टाकलेलं सगळं धुऱ्याच्या बांधापर्यंत पसरलं होतं. तरोटा, माठ, चिवळ. काही उन्हानं मान टाकलेलं, काही अजून ताजं. गेल्या पावसाळ्यात, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी हेच केलं होतं. दिवसभर पाला उपटून फेकायचा आणि घरी जाऊन पोरीला पाण्यात कुस्करलेली भाकर द्यायची. माझे हात तसेच थांबले. मग मी त्या ओळीत खाली बसले आणि रडायला लागले. मुकादम ओरडला तरी मला उठता येईना. याडी जवळ आली. मी तिला सगळं सांगितलं. ते दवाखान्यातून आल्यापासून मी पहिल्यांदा कोणाला सांगत होते.

तिनं ओच्यातली भाजी सावरली. मग म्हणाली, "तरोटा पावसायाभरच असते. शेवगा बारा महिने. मी फांद्या आणून देतो, दारातच लाव."

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावरून डोक्यावर शेवग्याच्या जाड फांद्यांचा भारा घेऊन आली. एक मी आमच्या दारात लावली, न्हाणीचं पाणी जाईल तिथं. बाकीच्या घेऊन मी जाऊबाईंकडं गेले.

माझं ऐकून घेणं सोपं नव्हतं. वस्तीतल्या तरण्या पोरांना ते पटेना. एक जण तर माझ्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, मेलेलं सोडलं, मागणं सोडलं, आता ढोरावानी पाला खायाचा?" त्याच्यावर मला राग आला नाही. त्याचं दुखणं मला कळत होतं. आम्ही जे टाकलं होतं त्याच्या जागी काय घ्यायचं, हे कोणी बोललंच नव्हतं. बाया वेगळंच म्हणायच्या. लेकराचं पोट गेलं तर?

मला आठवतं, तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा मध्ये पडल्या. माझ्या आंधळ्या लेकीला कडेवर घेऊन त्या माझ्यासोबत घरोघर फिरल्या. फार बोलल्या नाहीत. प्रत्येक दारात पोरीचं तोंड पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "हिले पाहा, अन् मंग काय करायचं ते करा." मला ते सहन होत नव्हतं. पण मी त्यांना थांबवलं नाही.

नाल्याच्या काठाला पडीक पट्टी होती. सात-आठ बायांनी मिळून ती खणली. अंबाडी, चवळी, लाल माठ टाकला, पपईची रोपं लावली. नाल्याच्या वाळूत खड्डा खणून, झिरा करून तिथलं पाणी घालायचो. सगळं वीतभर वर आलं होतं, आणि एक दिवस सकाळी जाऊन पाहिलं तर गावची ढोरं आत होती. गुराखी लांब झाडाखाली बसला होता. आम्ही ढोरं हाकलली. काहीच उरलं नव्हतं, पपया मुळासकट तुडवल्या होत्या. ढोरं आपणहून शिरली की कोणी हाकलली, ते विचारायचं कोणाला? जाऊबाई चिखलात उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्या दारात तं नाही येणार न कोणाचं ढोर."

त्यानंतर सगळं दारात आलं. वालाचा वेल छपरावर, अंबाडी अंगणाच्या कडेला, पपई मोरीपाशी आणि प्रत्येक घरापुढं शेवगा. चालायला जागा उरली नाही. याडी एकदा येऊन बघून गेली आणि उन्हाळ्यासाठी पाला सावलीत कसा वाळवायचा ते दाखवून गेली. माझी लेक दारात बसून काडीवरून पाला ओरबाडायची. ते काम तिला फार छान जमायचं. एकही देठ राहायचा नाही. तिचा तो पाला मी वरणात शिजवायचे, वर थोडं जवसाचं तेल घालायचे. तीही खायची. तिच्या डोळ्यांना त्याचा आता उपयोग नव्हता. तरी मी द्यायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा दिवे लागायच्या वेळी जाऊबाईंच्या अंगणात गलका झाला. एक कोंबडी खुराड्यात जाईना आणि त्यांचा मुलगा तिच्यामागं पळत होता. अंधार चांगला पडला होता. तो शेवग्याला वळसा घालून, पाटा ओलांडून गेला आणि कोंबडी धरून उभा राहिला. जाऊबाई दारात होत्या. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि झटकन तोंड वळवून आत गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

"माह्या पोराले दिसते वं," त्या म्हणाल्या. "तुले कसं सांगू, तेच कळेना मले."

मी त्यांना जवळ घेतलं. मला आनंद झाला होता. खोटं सांगत नाही, खूप झाला होता. आणि तरी त्यांचा खांदा मला सोडवत नव्हता.

घरी आले तर माझी लेक दाराशी बसून होती.

"आई, दादा काहून पयून राह्यला होता?"

"कोंबडी धरत होता."

"रात झाली न?"

"झाली."

"मंग त्याले कसं सापडली?"

"त्याले आता दिसते, माय."

तिच्या हातात पाल्याची काडी होती, ती तिनं खाली ठेवली. "मले कवा दिसन?"

आत्याबाईंनी तिला उचललं आणि आत नेलं.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याला गढूळ पाणी आलं आणि वस्तीत हगवण-ओकारी सुरू झाली. गावातल्या विहिरीवर आम्हाला जाऊ देत नव्हते. झिऱ्यातलं पाणी वस्त्रानं गाळून प्यायचो. माझी लेक सकाळी आजारी पडली, आणि बंडीची सोय होईपर्यंत दुपारी गेली. शेवटी तिची जीभ कोरडी पडली होती. ती माझा हात शोधत होती, आणि मी तिचा हात धरूनच बसले होते. तरी ती शोधत होती.

तिला नाल्याच्या पलीकडं पुरलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलणं कानावर आलं. पाल्यानं गेली. आईनंच पाला खाऊ घालून मारली. कोणी मुद्दाम वाईटपणानं बोललं नाही. बाया भीतीनं बोलल्या. एकेका घरात लेकराच्या ताटातली भाजी बंद झाली. समोरच्या घरात तर शेवगा उपटून टाकला. मी घरातून बाहेर पडत नव्हते. मला वाटायला लागलं, खरंच असेल का? डॉक्टर म्हणाले होते ते मला आठवत होतं, पण आईचे शब्द त्याहून जुने होते.

जाऊबाई माझ्याकडं आल्या नाहीत. त्या झिऱ्यावर गेल्या, जिथं सगळ्या बाया पाण्याला जमायच्या. मला हे नंतर आत्याबाईंनी सांगितलं. कमरेवरची घागर खाली ठेवून त्या सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

"गावातले लेकरं नाही गेले का या हगवणीत? तेल्याच्या घरचा गेला, पाटलाच्या सालदाराची पोरगी गेली. त्याइनं कोणता पाला खाल्लता? माह्या पोरानं सगळ्यात जास्त खाल्ला. तो तिकडं खेळून राह्यला. हे पाणी पाहा कसं हाय, अन् त्या माउलीले बोल लावता."

आत्याबाई म्हणाल्या, त्या दिवशी बाया घागरी उचलून घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवशी पलीकडची ती दोन बहिणींची आई आमच्या दारात आली. पाला पाहिजे होता. आमचाच शेवगा सगळ्यात मोठा झाला होता. मी हात केला, तोड म्हणून. मला स्वतःला त्या झाडाला हात लावणं कितीतरी दिवस जमलं नाही.

मग मला मुलगा झाला. तो बसायला लागला, कण्या खायला लागला, आणि एक दिवस आत्याबाईंनी पाटीत शेवग्याचा पाला खुडून आणला.

"नाही, आत्याबाई."

"काहून?"

"मले भेव लागते."

त्यांनी पाला धुतला, वरणात शिजवला, घोटून घोटून पातळ केला. तेलाचे थेंब टाकले. मुलाला मांडीवर घेतलं. "मी देतो," त्या म्हणाल्या. "काही झालं तं माह्यावर." पहिला घास त्याच्या तोंडात गेला तेव्हा मी बाहेर निघून गेले. वालाच्या मांडवाखाली उभी राहिले. आतून त्याचं मिटक्या मारणं ऐकू येत होतं.

तो चांगला वाढला. त्याच्यानंतरच्या लेकरांनाही आत्याबाईंनीच पहिला पाला चारला. दुष्काळाच्या वर्षी रेशनवर लाल ज्वारी आली, परदेशातून आलेली, तिची भाकर तोंडात फिरायची. तेव्हाही वाळवलेल्या पाल्याचं गाडगं आमच्या वस्तीत बहुतेक घरी होतं. सांजेला दारात चाचपडणारं मूल मग मी वस्तीत पाहिलं नाही. नव्या सुना येत गेल्या. त्यांना यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटायचं नाही. मीही सांगत बसले नाही.

आमच्या घरात चुलीपासून दारापर्यंत मातीच्या भिंतीवर एक पट्टा होता. लेक आंधळी झाल्यावर तिथून हात फिरवत चालायची, म्हणून तिथली माती गुळगुळीत, काळपट झाली होती. तिच्या उंचीवर. ती गेल्यावर दर दिवाळीला मी भिंती सारवायचे आणि तेवढा पट्टा सोडून द्यायचे. मुलगा चालायला लागला त्या वर्षी मी वेचणीला गेले होते. संध्याकाळी आले तर आत्याबाईंनी त्या पट्ट्यासकट सगळी भिंत सारवून ठेवली होती. माती अजून ओली होती. त्या हात धूत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी चूल पेटवायला बसले.